तुमच्या लाईनीचा आकडा

यंदाच्या अंकाचा विषय 'वेग' असं कळवताना संपादकांच्या डोळ्यांसमोर बहुधा रस्ता असावा. ते साहजिकच आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्याच्या डोंगरांतून गाड्या पळू लागल्या. पण याच शहापुरात आणि शेजारच्या मुरबाडमध्ये आणखी एक वेग रोज विकला जातो. तो इंटरनेटचा. रस्त्यावर कमाल वेगाची पाटी असते, पुढे वळण असेल तर तेही आधी कळतं. घरात येणाऱ्या टेलिफोनच्या तारेला अशी पाटी नसते. असते ती जाहिरात: मोठ्या अक्षरांत आकडा आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'अप टू'. बिल मोठ्या अक्षरांप्रमाणे येतं, नेट बारीक अक्षरांप्रमाणे चालतं.

या लेखाचं म्हणणं सरळ आहे. टेलिफोनच्या प्रत्येक लाईनीचा स्वतःचा एक आकडा असतो, म्हणजे ती लाईन जास्तीत जास्त किती वेग पेलू शकेल तो. तो आकडा दैवावर नसतो, कंपनीच्या मर्जीवर नसतो आणि प्लॅनच्या किमतीवर तर मुळीच नसतो. तारेची लांबी, जाडी, सांध्यांची अवस्था आणि तारेत शिरणारा गोंगाट यांवरून तो निघतो. पैसे भरण्याआधी काढता येतो. ग्राहकाला तो सांगितला जात नाही, कारण सांगण्याची सवय नाही. ती लागायला हवी, आणि तांब्याची तार जाऊन फायबर येत असली तरीही लागायला हवी.

एक्सचेंज ते घर

मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे शहराचे फोन महानगर टेलिफोन निगमकडे होते. त्यापलीकडचा ठाणे जिल्हा १ ऑक्टोबर २००० पासून, म्हणजे दूरसंचार खात्यातून भारत संचार निगम वेगळं झालं तेव्हापासून, बीएसएनएलचा. शहापूरचा कोड ०२५२७, मुरबाडचा ०२५२४. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांच्या तळाशी हे आकडे अजून दिसतात.

लाईन कशी येते ते एकदा नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. एक्सचेंजच्या इमारतीत एमडीएफ नावाची एक उंच लोखंडी चौकट असते. गावातल्या प्रत्येक नंबरची तांब्याच्या दोन तारांची जोडी तिथे एका जागी टोचलेली असते. लाईनमनच्या भाषेत ही 'पेअर'. तिथून शेकडो पेअर एका जाड केबलमधून जमिनीखालून निघतात आणि रस्त्याकडेच्या लोखंडी कपाटात येतात. ते पिलर. पिलरमधून कमी जोड्यांची केबल निघते ती डीपीपर्यंत, म्हणजे खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या छोट्या पेटीपर्यंत. डीपीतून पुढे खांबावरून, झाडावरून, कधी शेजाऱ्याच्या पत्र्यावरून येते ती काळी ड्रॉप वायर, घरातल्या डबीपर्यंत. या सगळ्या वाटेवर तार कित्येक ठिकाणी तोडून पुन्हा जोडलेली असते. केबल ठरावीक लांबीच्या ड्रममध्ये येते, तेव्हा दर काहीशे मीटरवर सांधा असतो. जेसीबीनं जिथे तोडली तिथे आणखी एक. रस्ता रुंद होतो त्या वर्षी सांधे वाढतात, हे मुंबई-नाशिक आणि कल्याण-मुरबाड-माळशेज या दोन्ही रस्त्यांच्या कडेला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

अंतराचा घोळ इथेच होतो. आसनगाव स्टेशन ते शहापूर गाव हे अंतर साधारण तीन किलोमीटर. स्टेशनजवळच्या नव्या इमारतीतला एखादा फोन शहापूरच्या एक्सचेंजवरून दिला आहे असं समजू. घरमालक म्हणेल, अंतर तीन किलोमीटर. पण तार रिक्षासारखी सरळ येत नाही. ती आधी ज्या दिशेला पिलर आहे त्या दिशेला जाते, तिथून वळते, रस्ता ओलांडायची परवानगी जिथे मिळाली तिथे ओलांडते, डीपीपर्यंत पोचते आणि मग इमारतीला वळसा घालून तिसऱ्या मजल्यावर चढते. तीनाचे साडेतीन, चार सहज होतात. म्हणून गूगलच्या नकाशावर मोजलेलं अंतर हे कमीत कमी समजायचं. नेमकं अंतर दोनच गोष्टी सांगू शकतात, कार्यालयातली केबलची नोंद आणि तारेतून जाणारा सिग्नल. त्यांतला सिग्नल जास्त विश्वासाचा, कारण नोंदी दुरुस्तीच्या दिवशी बदलतातच असं नाही.

पंचविसावा हिस्सा

बोलण्यासाठी तारेला फार कष्ट नसतात. माणसाचा आवाज टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जातो. ब्रॉडबँड त्याच तारेवर, त्याच वेळी, पण फार वरच्या पट्ट्यात चालतं. एडीएसएल या पहिल्या पद्धतीत तो पट्टा ११ लाख हर्ट्झपर्यंत जातो, एडीएसएल-टू-प्लसमध्ये २२ लाखांपर्यंत. म्हणून तर फोनवर बोलणं आणि नेट एकाच वेळी चालतं, आणि म्हणूनच फोनच्या आधी स्प्लिटरची छोटी डबी लावावी लागते. आता अडचण अशी, की तांब्याची बारीक तार जितका वरचा पट्टा तितका सिग्नल अधिक खाते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेसाठी सर्वत्र वापरला जाणारा ढोबळ अंदाज किलोमीटरला सुमारे १४ डेसिबल असा आहे. डेसिबल ऐकून घाबरायचं कारण नाही. १४ डेसिबल घट म्हणजे ताकद साधारण पंचविसाव्या हिश्श्यावर येणं. एका किलोमीटरला पंचविसावा हिस्सा उरतो, दुसऱ्याला त्याचा पंचविसावा, म्हणजे सव्वासहाशेवा. तिसऱ्या किलोमीटरला पंधरा हजारांतला एक भागही धड उरत नाही. तार ०.४ मिलिमीटरची असेल, आणि आपल्याकडे तशी पुष्कळ आहे, तर घट याहून वेगानं होते.

भातसा उजव्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे समजावण्यात वेळ घालवावा लागणार नाही. टेलच्या शेतकऱ्याला पाणी किती पोचतं हे धरण किती भरलं यावरून ठरत नाही, त्याच्यापर्यंतच्या कालव्यावरून ठरतं. फरक एवढाच, की कालव्यावर वरचे लोक पाणी घेतात म्हणून टेलला कमी पडतं. तारेवर दुसरं कुणी नसतं, तरी टेलला कमीच पोचतं.

उरलेल्या सिग्नलवर किती मजकूर लादता येईल, याचं गणित क्लॉड शॅननने १९४८ सालीच मांडून ठेवलं आहे: पट्टा किती रुंद आणि सिग्नल गोंगाटाच्या किती वर, या दोन गोष्टींवर वाहिनीची कमाल क्षमता ठरते. एडीएसएल-टू-प्लस हे गणित अगदी हिशोबीपणानं वापरतं. आपला पट्टा ते सव्वाचार हजार हर्ट्झहून थोड्या मोठ्या अशा ५१२ कप्प्यांत वाटतं. मॉडेम सुरू झाला की पहिलं अर्धं-एक मिनिट त्याचा दिवा लुकलुकत राहतो ना, तेव्हा तो आणि एक्सचेंजमधलं यंत्र मिळून प्रत्येक कप्पा तपासत असतात: इथे गोंगाटाच्या वर किती जागा आहे? जागा भरपूर असेल तर त्या कप्प्यात एका वेळी १५ बिटपर्यंत भरतात, कमी असेल तर दोन-तीन, नसेल तर कप्पा सोडून देतात. दर सेकंदाला चार हजार वेळा हे कप्पे भरले जातात. म्हणजे एका कप्प्यातला एक बिट हा चार हजार बिटचा वेग. साधारण तीन डेसिबल जागा मिळाली की कप्प्यात एक बिट जास्त बसतो. समजा तुमच्या लाईनीवर २०० कप्पे चालू आहेत आणि एका खराब सांध्यामुळे सगळीकडे तीन डेसिबल गेले. दोनशे गुणिले चार हजार, म्हणजे आठ लाख बिट, जवळजवळ एक एमबीपीएस त्या एका सांध्यात गेला. दोन एमबीपीएसवर जगणाऱ्या घरात हा फरक जवळजवळ अर्ध्याचा असतो.

यातून जो तक्ता निघतो तो इथे छापत नाही, पण त्याचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक्सचेंजपासून एक किलोमीटरच्या आतल्या घराला जाहिरातीतले वीस-बावीस एमबीपीएस खरोखर मिळू शकतात. तीन किलोमीटरच्या आसपास चांगल्या तारेवर सहा ते आठ. तिथून पुढे ११ लाख हर्ट्झच्या वरचे कप्पे बहुतेक मेलेलेच असतात, त्यामुळे 'टू-प्लस'च्या प्लसला अर्थ राहत नाही. पाच किलोमीटरला एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी लाईनमनचे आभार मानायचे. त्या घरानं २४ चा प्लॅन घेतला काय आणि आठचा घेतला काय, तार बदलत नाही.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलनं 'डेटावन' या नावानं ब्रॉडबँड सुरू केलं, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नाही याचंही कारण यातच आहे. २००४ च्या धोरणानं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. एवढा वेग जवळजवळ कुठलीही बरी तार पेलत होती. विकलेला वेग लाईनीच्या आकड्याच्या खाली होता. पुढे व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली, २०२३ मध्ये दोन एमबीपीएस, आणि प्लॅन तर त्याच्या कितीतरी पुढे पळाले. तार जमिनीत होती तिथेच होती.

आकडा कुठे वाचायचा

लाईन आधीपासून असेल तर आकडा घरातच पडलेला असतो. मॉडेमला जोडलेल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ लिहिलं की मॉडेमचं स्वतःचं पान येतं. त्यात डीएसएल स्टेटस अशा काहीशा नावाखाली चार ओळी महत्त्वाच्या असतात. अटेन्युएशन म्हणजे वाटेत किती डेसिबल गेले. त्याला १४ नं भागलं की तारेची लांबी किलोमीटरमध्ये, ढोबळमानानं. तीसच्या खाली असेल तर लाईन उत्तम, पन्नासच्या वर गेली तर फार अपेक्षा नको. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन, म्हणजे सध्याच्या वेगाला लागते त्याच्या वर किती जागा शिल्लक आहे. सहा हा नेहमीचा किमान धरतात. त्याखाली गेला की लाईन वारंवार तुटते, नेट जातं-येतं. तिसरा, मॉडेम आत्ता ज्या वेगानं जोडलेला आहे तो. चौथा सगळ्यांत कामाचा, अ‍ॅटेनेबल रेट: ही लाईन आजच्या अवस्थेत जास्तीत जास्त किती देईल.

हे चार आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की बरंच कळतं. समजा अटेन्युएशन ४२, मार्जिन १८, जोडलेला वेग २०४८ केबीपीएस आणि अ‍ॅटेनेबल सहा हजार. इथे तार बिचारी निर्दोष आहे. कार्यालयातल्या नोंदीत प्लॅन दोन एमबीपीएसवर बांधलेला आहे. तक्रार काउंटरवर करायची, लाईनमनला बोलावून उपयोग नाही. उलट अटेन्युएशन २५ आणि अ‍ॅटेनेबल मात्र अडीच हजार असेल, तर तार जवळची असून आजारी आहे. तेव्हा लाईनमनच हवा. जोडलेला वेग सहा एमबीपीएस दिसतो आणि डाऊनलोड पाचच्या आसपास येतं, तर त्यात फसवणूक नाही: या पद्धतीत ५३ बाइटच्या प्रत्येक पाकिटात ४८ बाइट माल आणि पाच बाइट पत्ता असतो, आणि वर आणखी थोडी हमाली.

लाईन अजून घ्यायची असेल तरीही आकडा काढता येतो. डीपीवर रिकामी पेअर असते. एमडीएफवर तिची दोन टोकं एकमेकांना जोडायची आणि डीपीवर साध्या मल्टिमीटरनं रोध मोजायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण १७० ओहम पडतात, ०.४ च्या तारेला २७० ते २८०. मीटरवर ५१० आले तर पहिल्या जातीची तार तीन किलोमीटर आहे. एक माणूस एक्सचेंजमध्ये, एक डीपीच्या खांबावर, दोघांच्या हातात मोबाइल. काम दहा मिनिटांचं. शेजाऱ्याकडे त्याच डीपीवरून ब्रॉडबँड असेल तर तेवढीही मेहनत नको. त्याच्या मॉडेमच्या पानावरचा अटेन्युएशनचा आकडा तुमचाही जवळपास तोच असणार.

पाऊस आणि सांधे

इथे जाणकार वाचक हरकत घेईल: उन्हाळ्यात मोजलेला आकडा जुलैत खरा ठरेल कशावरून? हरकत रास्त आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन्ही तालुक्यांत पाऊस चार महिने कोसळतो. जमिनीखालच्या केबलमध्ये जेली भरलेली असते, त्यामुळे केबल शाबूत असेल तर पाणी आत शिरत नाही. पाणी शिरतं ते सांध्यात, कडा गंजलेल्या पिलरमध्ये आणि झाकण नसलेल्या डीपीत. ओल आली की तांब्यावर हिरवट थर चढतो, दोन तारांमध्ये गळती होते, सांध्याचा रोध वाढतो. फोनमध्ये खरखर येते ती हीच. फोन उचलून एक आकडा दाबायचा म्हणजे डायल टोन थांबतो. मग शांततेत कान देऊन ऐकायचं. खरखर, गुणगुण, दुसऱ्याचं बोलणं, यांतलं काहीही ऐकू आलं तर ब्रॉडबँडच्या तक्रारीआधी फोनची तक्रार द्यावी. गंमत अशी, की कधी कधी पेअरमधली एक तार पूर्ण तुटलेली असते, फोन मुका असतो आणि मॉडेमचा दिवा मात्र लागलेला असतो. वरच्या पट्ट्यातला सिग्नल तुटलेल्या जागेतूनही थोडा उडी मारून जातो. नेट रडतखडत चालतं आणि घरातले म्हणतात, लाईन ठीक आहे, फोनचं यंत्र बिघडलंय.

सांध्याचा दोष आणि लांबीचा दोष वेगळा ओळखता येतो, हे फार कमी ग्राहकांना सांगितलं जातं. मल्टिमीटरनं लांबी पाच किलोमीटर सांगितली आणि अटेन्युएशननं तीनच, तर मधले दोन किलोमीटर तारेचे नाहीत, गंजलेल्या सांध्याचे आहेत. बॅटरी आणि मीटर घेऊन तो सांधा शोधता येतो. लांबीवर इलाज नाही, सांध्यावर आहे. म्हणूनच 'तुमचं घर लांब आहे' हे उत्तर आकड्याशिवाय स्वीकारू नये.

गोंगाट बाहेरूनही येतो. खांबावरून लोंबणारी ड्रॉप वायर ही नाही म्हटलं तरी एक अँटेनाच आहे. आकाशवाणी मुंबईची मध्यम लहरींवरची केंद्रं ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झवर ऐकली आहेत अशी एक अख्खी पिढी या भागात आहे. हे दोन्ही आकडे ब्रॉडबँडच्या पट्ट्याच्या आत पडतात, साधारण १२९ व्या आणि २४२ व्या कप्प्यात. लांबच्या, अशक्त लाईनीवर असा शेजार जाचक ठरू शकतो. मोटारपंपाचं स्टार्टर, खराब चोक, स्वस्तातला चार्जर यांचाही वाटा असतो.

तर मग आकडा सांगायचा कसा? एकच नव्हे, पट्टा सांगायचा: कोरड्या दिवसांत एवढा, पावसात किमान एवढा. मार्जिन नावाची गोष्ट त्यासाठीच असते. लाईन सहा पेलत असताना साडेचारवर बांधली की जुलैतही ती टिकते, आणि टिकणारे साडेचार हे तुटणाऱ्या सहापेक्षा केव्हाही बरे. 'हवामानामुळे सांगता येत नाही' असं म्हणणारी यंत्रणा बाकी सगळे आकडे बिलावर पैशापर्यंत छापते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

एक्सचेंजच्या पलीकडे

मुरबाड तालुका नकाशावर उघडला की पुढची गुंतागुंत दिसते. सरळगाव, टोकावडे, धसई, म्हसा ही बाजाराची गावं एकमेकांपासून लांब. त्यांच्या भोवती पाडे. रेल्वे नाही. शहापुरातही किन्हवली, डोळखांब, शेणवे ही गावं तालुक्याच्या ठिकाणापासून इतकी दूर, की शहापूरच्या एक्सचेंजची तार तिथपर्यंत ताणण्यात अर्थच नव्हता. अशा गावांसाठी देशानं एक वेगळा मार्ग काढला होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटनं ग्रामीण भागासाठी १२८ लाईनींचं छोटं एक्सचेंज बनवलं, ज्याला वातानुकूलन लागत नव्हतं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं. छोटं एक्सचेंज गावात आलं की तार आखूड होते, आणि तार आखूड म्हणजे लाईनीचा आकडा मोठा. या हिशोबानं एक्सचेंजच्या शेजारचं खेड्यातलं घर आसनगावच्या तिसऱ्या मजल्यापेक्षा श्रीमंत ठरावं.

कागदावर ठरतंही. पण छोट्या एक्सचेंजमधून बाहेर जाणारी वाट किती रुंद, हा प्रश्न तिथे उरतो. जुन्या पद्धतीच्या एका ई-वन जोडणीतून दोन एमबीपीएस जातात. समजा अशा चार जोडण्या आहेत आणि गावात चाळीस ब्रॉडबँडवाले. रात्री नऊ वाजता सगळे एकदम बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे केबीपीएस, मग घराची तार वीस पेलत असो. ही गोष्ट ओळखायला साधी युक्ती पुरते. पहाटे चारला आणि रात्री नऊला मॉडेमच्या पानावरचा जोडलेला वेग आणि प्रत्यक्ष डाऊनलोड दोन्ही पाहावं. जोडलेला वेग तोच राहून डाऊनलोड रात्री कोसळत असेल, तर तुमची तार निर्दोष आहे. वाट पुढे अरुंद आहे. शिवाय या भागात अनेक घरांना तार कधी मिळालीच नाही. नव्वदच्या दशकातले सार्वजनिक फोन रेडिओवरून दिले गेले, दोन हजारनंतरचे पुष्कळसे वायरलेस लूपवर. छपरावर छोटा अँटेना, खाली फोन. त्यावर डीएसएल चालण्याचा प्रश्नच नव्हता, पण आकडेवारीत तेही फोनच होते.

धसईचं उदाहरण इथे आठवतं. नोटाबंदीनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातलं हे गाव राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदानं दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रं दिली, तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्‍घाटनाला आले. पुढे तिथे रोख परतल्याच्याही बातम्या आल्या. त्याची कारणं अनेक, सगळी तांत्रिक नव्हेत. पण कार्डाच्या एका व्यवहाराला काही किलोबाइटच लागतात. वेग नावापुरता असला तरी पुरतो. लागतं ते सातत्य. वडापावच्या गाडीपुढे उभं असलेलं गिऱ्हाईक यंत्रावरचं फिरणारं चक्र पाहत थांबत नाही, खिशातून वीसची नोट काढतं. लाईनीचा आकडा सांगायचा तर वेगाबरोबर ती दिवसातून किती वेळा तुटते हेही सांगायला हवं, ते यासाठी.

तांबं संपलं, प्रश्न नाही

सगळ्यांत मोठी हरकत आता. तांब्याची तार मरते आहे, मग हा उपद्‍व्याप कशाला? मरते आहे हे खरं. बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. कुठल्या पिलरमधली कुठली पेअर कुठे जाते हे ज्यांच्या डोक्यात होतं, असे कितीतरी लाईनमन त्यांत गेले. कंपनी आता स्थानिक केबलवाल्यांना भागीदार करून घरोघर फायबर देते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेनं ग्रामपंचायतीपर्यंत १०० एमबीपीएस नेण्याचं ठरवलं. फायबरला तीन किलोमीटरचं भय नाही. तांब्यावर किलोमीटरला १४ डेसिबल जातात, काचेच्या तंतूत साधारण पाव ते तिसरा हिस्सा डेसिबल. मुरबाडपासून वीस किलोमीटर आत गेलं तरी पाच-सात डेसिबलचीच घट.

म्हणजे लाईनीचा आकडा नाहीसा झाला का? त्यानं जागा बदलली. फायबरच्या सर्वसाधारण पद्धतीत एक्सचेंजमधून निघणारा एक तंतू अडीच जीबीपीएस आणतो आणि स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. बत्तीस घरांत वाटणी म्हणजे एका फटक्यात सुमारे १७ डेसिबलची घट, जी वीस किलोमीटरच्या प्रवासापेक्षा कितीतरी जास्त. घरच्या डब्याला प्रकाश किती पोचतो हे त्याच्याही पानावर दिसतं. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त, उणे २७ च्या पलीकडे गेला की लाल दिवा पेटायला निमित्त लागत नाही. खिळ्याला गुंडाळून काटकोनात मोडलेला तंतू दोन-चार डेसिबल सहज खातो. बत्तीस घरं एकाच वेळी बसली तर प्रत्येकाला पंचाहत्तर एमबीपीएसच्या आसपास, आणि केबलवाल्याची पुढची वाट अरुंद असेल तर तेवढंही नाही. प्लॅनवर मात्र तोच 'अप टू'. आणखी एक फरक सोयीनं विसरला जातो. तांब्याच्या फोनला वीज एक्सचेंजच्या बॅटरीतून, ४८ व्होल्टवर, तारेतूनच मिळायची. गावात लाईट गेली तरी डायल टोन असायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. पावसाळ्यात या तालुक्यांत लाईट किती वेळा जाते ते सांगायला आकडेवारी लागत नाही.

मोबाइल आहेच की, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगता येईल, की मोबाइलचा वेग आधी काढता येत नाही. टॉवर सगळ्यांचा, डोंगर मध्ये, आणि माळशेजच्या पायथ्याला दोन घरं सोडून रेंज बदलते. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी टेकडीवर चढून बसणारी मुलं राज्यभर दिसली ती रेंज शोधताना. तारेचा गुण तिच्या वेगात नाही, तो वेग आधीच सांगता येतो यात आहे. तो गुण वापरायचाच नाही असं ठरवलं तर तार घ्यायची कशाला?

लिहून द्या

आकडा आधी सांगणं व्यवहार्य नाही, असं एक शेवटचं म्हणणं असतं. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकानं २००८ मध्ये कंपन्यांकडून आचारसंहिता मान्य करून घेतली: जोडणी विकतानाच त्या विशिष्ट लाईनीवर किती वेग अपेक्षित आहे ते ग्राहकाला सांगायचं. २०१९ पासून तिथे किमान वेगाची हमीही द्यावी लागते, आणि ती पाळली गेली नाही तर कंपनीला सुधारणेसाठी ३० दिवस. नंतर ग्राहक दंडाशिवाय करार मोडू शकतो. तिथली तारही तांब्याची होती आणि पाऊस तिथेही पडतो. आपल्याकडे ट्रायच्या २००६ च्या नियमांत वर्गणीच्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा असा निकष होता. निकष चांगला, पण तो विकून झाल्यानंतरचा. पाच किलोमीटरवरच्या घराला २४ चा प्लॅन विकायचाच नाही, ही पायरी त्याच्या आधीची आहे.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या वाचकांना विनंती. नवी जोडणी घेताना, मग ती सरकारी कंपनीची असो की गल्लीतल्या केबलवाल्याची, अर्जावर दोन ओळी लिहून मागा. तांब्याची लाईन असेल तर अटेन्युएशन किती आणि पावसाळ्यात किमान किती वेग; फायबर असेल तर डब्यावर प्रकाश किती, एका तंतूवर किती घरं. सही आणि तारखेसह. लिहून देत नसतील तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचाच प्लॅन घ्या.